बाबांच्या फोटोवरचं पाणी

हे प्रकरण लिहायला बसतो आणि उठतो, असं बरेच महिने चाललं आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. आई तर अंगठाच उठवायची, आणि मग पदराला शाई पुसायची. मी शाळेत मास्तर झालो, फळ्यावर आयुष्य काढलं, पण पुस्तक लिहिणं ही वेगळ्या माणसांची गोष्ट, असं मला अजूनही वाटतं. त्यातून आज धर्माविषयी काही लिहायचं आहे. मला संस्कृत येत नाही. पोथ्या मी वाचल्या त्यापेक्षा दुसऱ्यांच्या तोंडून जास्त ऐकल्या. तेव्हा जाणत्यांनी हा आगाऊपणा पोटात घालावा, ही विनंती. लिहिण्याच्या धाडसाबद्दल मी क्षमा मागतो. पुढे जे सांगणार आहे, त्याबद्दल मात्र मागणार नाही. तेव्हाही मागितली नव्हती.

आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहायचो. खाली नळ, वर पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या खोल्या, आणि डोक्यावरून विमानं. ती इतकी खालून जात, की पत्रे थरथरत आणि मांडणीतले पेले एकमेकांवर वाजत. त्यामुळे डोंगरावरच्या माणसांना एक सवय लागलेली होती. विमान आलं की बोलणारा अर्ध्या वाक्यात थांबायचा, ऐकणारा तसाच तोंडाकडे बघत राहायचा, आणि विमान गेलं की बोलणारा नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचा. भांडणंसुद्धा अशीच चालत. शिवी अर्धी तोंडात धरून दोन बायका समोरासमोर उभ्या राहत, विमान जाऊ देत, मग उरलेली शिवी घालत. गावाहून आलेल्या पाहुण्यांना याचं फार हसू येई. मी आता बोरिवलीला राहतो, इथे विमानांचा एवढा त्रास नाही, तरी बोलता बोलता मी मध्येच थांबतो असं माझी बायको म्हणते.

संध्याकाळी पायऱ्यांच्या वळणावर आई स्टोव्ह मांडायची. बटाटेवडे, कांदाभजी, उरलेल्या पिठात बुडवलेल्या मिरच्या. कढई लोखंडी, काळीकुट्ट, दोन्ही कानांना चिंध्या गुंडाळलेली, आणि झारा लांब दांड्याचा. तेलात पीठ पडल्याचा चर्र आवाज हा आमच्या घराचा आवाज होता. मी कॉलेजची पुस्तकं त्याच आवाजात वाचली. माझ्या पुस्तकांना तेलाचा वास यायचा. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलाने एकदा माझं तर्कशास्त्राचं पुस्तक हुंगून म्हटलं होतं, "यार, तुझं पुस्तक वाचलं की भूक लागते." मी ओशाळलो होतो. आज वाटतं, त्याने चांगलंच म्हटलं होतं.

स्टोव्हशेजारी आई कायम पाण्याचं पातेलं भरून ठेवायची. तेल उडतंच. माझ्या हातावर उडालं, नंदूच्या पायावर उडालं, आईच्या हातांवर तर ठिपकेच होते. तिचा नियम एकच. "आधी पाणी घाल, मगे रडाक बस," असं ती मालवणीत ओरडायची. फुंकर नको, हळद नको, आधी थंड पाणी. नंदू म्हणजे माझी धाकटी बहीण, माझ्यापेक्षा खूपच लहान. मी कॉलेजात जायला लागलो तेव्हा ती नुकती जोडाक्षरं वाचायला लागली होती.

आणि बाबा. बाबा मिलमध्ये साचा, म्हणजे कापडाचा माग, चालवायचे. संपानंतर मिल पुन्हा उघडली नाही, आणि बाबा विक्रोळीच्या एका गोदामावर रखवालदार झाले. दारूची पहिली नवटाक त्यांनी कधी घेतली मला माहीत नाही. मला आठवतात तेव्हापासून ते घेतच होते. प्यायल्यावर ते बहुतेक वेळा रडायचे, कधी गायचे, पण त्यांनी भरलेलं ताट भिरकावलेलं आणि आईवर हात उगारलेलाही मी पाहिला आहे. ते झाकून ठेवायला मी हे लिहीत नाही. पण शुद्धीत असले की ते नंदूला खांद्यावर घेऊन पायऱ्यांच्या टोकाला जात, आणि विमान आलं की ओरडून सांगत, "ह्या मालवणाक चल्लां बघ! आजयेक हात कर!" नंदू मालवणच्या आजीला हात करायची. तिकडे तेव्हा विमानतळ नव्हता. आता सिंधुदुर्गात खरंच विमान उतरतं, आणि ती बातमी वाचली तेव्हा मला बाबांचंच एखादं खोटं खरं झाल्यासारखं वाटलं होतं.

बाबा काविळीने गेले. त्या वेळी सगळ्यांत आधी दारात आले ते अप्पा. अप्पा हे वस्तीतले वडीलधारे गृहस्थ, बाबांच्याच खात्यातले जुने कामगार, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. मिल गेली पण ते बाटलीकडे गेले नाहीत. भजनी मंडळ त्यांनी उभं केलं, आणि दर रविवारी सकाळी गणपती मंडळाच्या खोलीत मुलांचा संस्कार वर्ग चालवायला घेतला. बाबांचं सगळं त्यांनी केलं. तिरडीचे बांबू आणण्यापासून आईला पाणी पाजण्यापर्यंत. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की अप्पा वाईट होते. ते वाईट नव्हते. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

अप्पांच्या वर्गात मीही लहानपणी बसलो होतो. आरत्या, श्लोक, मग शेवटी मूठभर साखरफुटाणे. आणि भिंतीवर एक चित्र. कुठल्याशा जत्रेतून आणलेलं, मेणकापडावर छापलेलं, अर्धी भिंत व्यापणारं. त्यावर एरवी पांढरा पडदा असे. पोरं दंगा करू लागली की अप्पा उठून पडदा सारत. आत नरकातल्या शिक्षा होत्या. खोटं बोलणाऱ्याची जीभ चिमट्याने ओढलेली, आईबापांना लाथ मारणाऱ्याचे पाय करवतीखाली. मधोमध मोठी कढई, तिच्यात तेल उकळतंय, तेलात माणसांची डोकी वर आलेली, आणि शेजारी निळ्या रंगाचा यमदूत हातात झारा घेऊन उभा. डोकं बाहेर काढणाऱ्याला तो झाऱ्याने परत आत ढकलत होता. खालच्या कोपऱ्यात दारू पिणारा. त्याला दोघांनी धरलंय, आणि तिसरा त्याच्या घशात लालभडक लोखंडाचा रस ओततोय. त्या माणसाला पट्ट्यांची लुंगी होती आणि जाड मिशा होत्या.

आमच्या बाबांनाही जाड मिशा होत्या. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. नंदूच्या लक्षात आलं.

बाबा गेल्यावर आईनेच तिला वर्गात घातली. तेवढीच पोरगी रमेल, चार श्लोक शिकेल. काही रविवार ठीक गेले. मग ती संध्याकाळी कढईजवळ यायचं टाळू लागली. आधी ती आईला पिठात मीठ घालून द्यायची, आता पाण्याच्या पिंपाआड उभी राहून लांबून बघायची. आईने झारा उचलला की डोळे मिटायची. वडा खाईना. मला वाटलं, पोट बिघडलं असेल. आई म्हणाली, "बापाशीची आठवण येता तेका. जातला हळूहळू."

फोटोचं आधी आईच्या लक्षात आलं. बाबांचा घरात एकच फोटो होता, मिलमधल्या कुठल्याशा समारंभातला, मोठा करून काचेत बसवलेला. तो रोज दुपारी ओला असायचा. काचेवर पाण्याचे ओघळ, चौकटीत पाणी शिरून कागद फुगलेला. आईला वाटलं, पत्रा गळतोय. पण दिवस थंडीचे होते. एका दुपारी मी कॉलेजातून लवकर आलो तर नंदू डब्यावर चढलेली, हातात आईच्या जुन्या पदराचा तुकडा भिजवून घेतलेला, आणि ती तो बाबांच्या चेहऱ्यावर ठेवत होती. तापात आपण कपाळावर पट्टी ठेवतो, तसा. अगदी सावकाश.

"काय करतेस गं?"

ती दचकली नाही. तिला यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "आधी पाणी घालायचं ना दादा," ती म्हणाली. "ते भाजतायत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अप्पांनी बाबांचं नाव कधीच घेतलं नव्हतं, हे मी खात्रीने सांगतो. त्यांनी फक्त पडदा सारला होता आणि दारू पिणाऱ्याचं काय होतं ते सांगितलं होतं. नाव पोरांनी घेतलं. "नंदे, तुझा बाप बघ, तुझा बाप!" असं मागच्या रांगेतून कुणी म्हणालं आणि सगळी सतरंजी हसली. अप्पांनी त्या पोराला गप्प केलं, पण नाही म्हणाले नाहीत. नंदू वाट बघत होती की ते नाही म्हणतील. त्यांनी पडदा ओढला आणि साखरफुटाणे वाटले.

त्या ओल्या फोटोसमोर उभा असताना मला जे वाटलं, ते आज इतक्या वर्षांनीही थंड झालेलं नाही. एका लहान मुलीचा बाप मेलेला आहे. तिने रडावं, त्याला विसरावं, पुन्हा आठवावं, एवढंच तिचं काम. ते काम तिच्याकडून काढून घेऊन कुणीतरी तिच्या हातात ओलं फडकं दिलं होतं. आणि तेही देवाच्या नावाने.

पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर मी खोलीत गेलो. अप्पा सतरंजी गुंडाळत होते. कॉलेजात आम्हाला तर्कशास्त्र होतं, आणि मी रात्रंदिवस मनात एक भाषण जुळवलं होतं. त्यातलं एक वाक्य मला त्यांच्यासमोर आठवलं असेल तर शपथ. मी सतरंजीचं दुसरं टोक धरलं, कारण तशी सवय होती.

"अप्पा, जरा बोलायचं होतं."

"बोल ना रे, कॉलेजवाल्या."

"ते चित्र... नंदू घाबरते."

"घाबरायलाच असतं ते," अप्पा हसले. "स्टोव्हला हात लावू नको, भाजशील, असं आई लेकराला सांगते की नाही? मग? तिने भीती घातली नाही तर पोर जळेल."

"पण बाबा..."

"तुझा बाप माझा मित्र होता, विजू. मला काय आनंद होतो? पण त्याने जे केलं ते केलं. या डोंगरावर प्रत्येक वळणावर एक गुत्ता आहे. पोरांना काय सांगू, दारू चांगली असते? तू याच सतरंजीवर बसून हेच चित्र बघितलंस ना? बिघडलास? उलट सगळ्या वस्तीत पहिला कॉलेजात गेलास. कशामुळे?"

आम्ही सतरंजी नीट गुंडाळली, कोपऱ्यात उभी केली, आणि मी घरी आलो. पायऱ्या उतरताना सगळी उत्तरं सुचली. माझं असंच होतं, अजूनही.

पण अप्पांचा प्रश्न मी बाजूला टाकला नाही, कारण तो खरा प्रश्न होता. मी न बिघडण्याचं श्रेय त्या चित्राला होतं का? मी बराच विचार केला. त्या चित्रामुळे मी खोटं बोलायचं थांबलो नव्हतो, पकडला जाऊ नये एवढी काळजी घ्यायला शिकलो होतो. प्रश्न विचारायचं मात्र थांबलो होतो. वर्गात हात वर करायला मला कॉलेजातही भीती वाटायची. चुकीचं विचारलं तर कुठूनतरी झारा येईल असं काहीतरी पोटात असायचं. आणि दारूला मी शिवलो नाही ते नरकामुळे नाही. शुद्धीवर आल्यावर बाबा आईच्या तोंडाकडे बघायचे ना, तसं मला कुणाच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. ते मला बाबांनीच शिकवलं. भीतीने नाही, त्यांच्या कीव येण्यासारख्या चेहऱ्याने.

मी नंदूचा वर्ग बंद केला. पण वर्ग बंद झाल्याने चित्र डोळ्यांपुढून जात नाही. फडकं ओलंच राहिलं. फोटो मी उंच टांगला तर ती खालून पाणी शिंपडू लागली.

वर्ष झालं आणि पितृपक्ष आला. बाबांचा पहिला म्हाळ. म्हाळाला आमच्याकडे वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबार, खीर हे तर असतंच, पण खरी गोष्ट वाडीची. वाडी म्हणजे पितरांसाठी केळीच्या पानावर वाढून बाहेर ठेवायचं जेवण. गावच्या घरात रीत अशी, की गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्या पानावर हवंच. पणजोबांना विडी लागायची, तर त्यांच्या पानाच्या कडेला विडी. एका आत्याला चहाशिवाय चालायचं नाही, तर तिच्यासाठी कपभर चहा, भरपूर साखरेचा. त्या पानापाशी कुणी कुणाच्या पापाची चौकशी केलेली मी ऐकली नाही. नाव घेऊन बोलवायचं, आवडीचं वाढायचं, खाऊन जा म्हणायचं. आईने ठरवलं होतं, तळलेले बोंबील आणि पेलाभर दारू. "आवडायचा तेका," एवढंच ती म्हणाली. ज्या वस्तूने तिचा संसार धुळीला मिळवला, तीच ती स्वतः आणून ठेवणार होती. हे मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. आता थोडंफार कळतं.

हे अप्पांच्या कानावर गेलं. एका संध्याकाळी ते पायऱ्या चढून आमच्या वळणावर आले. आई भजी तळत होती, मी कांदा चिरत होतो, नंदू पिंपाआड.

"वहिनी, ऐकलं ते खरं का?"

"काय ऐकलात, अप्पानू?"

"ज्या दारूने माणूस गेला तीच त्याच्या पानावर ठेवणार? आणि मासळी? तो तिथे आधीच काय भोगत असेल, त्यात तुम्ही भर घालणार? सात्त्विक ठेवा. नाहीतर मंडळातलं कुणी तुमच्याकडे पान घेणार नाही. मी स्पष्ट सांगतो."

आईचा झारा हवेतच राहिला. पंगतीला माणूस नसलेला म्हाळ ही आमच्यात केवढी नामुष्की, हे वेगळं सांगायला नको. ती कुणाला उलट बोलणारी बाई नव्हती. आणि अप्पांचे उपकार होते.

तेवढ्यात पिंपाआडून नंदू म्हणाली, "अप्पा, म्हाळाला बाबांना सोडतील?"

"कोण सोडतील, बाळा?"

"ते झारावाले."

अप्पांनी तिच्याकडे वळून मायेने सांगितलं, "सोडतात ना. या पंधरवड्यात सगळ्या पितरांना सोडतात."

"आणि जेवण झालं की?"

"जेवण झालं की..."

विमान आलं. अप्पा थांबले, आम्ही थांबलो. पत्रे थरथरले, कढईतल्या तेलावर बारीक लाटा उठल्या. नंदू पिंपाच्या कडेवर हनुवटी टेकवून अप्पांच्या तोंडाकडे बघत होती. उरलेलं वाक्य यायचं होतं. विमान गेलं. अप्पांचं तोंड तसंच अर्धवट उघडं. डोंगरावर इतकी वर्षं राहिलो, पण विमान गेल्यावर माणसाने वाक्य पुरं केलं नाही असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"परत तळायला नेतात?" नंदूनेच विचारलं.

आणि मी बोललो. कांदा चिरत होतो म्हणून डोळ्यांत पाणी होतं, आवाजही धड नव्हता, पण बोललो. "अप्पा, तुम्ही स्टोव्हचं म्हणाला होता ना? स्टोव्ह खरंच भाजतो. आणि आई सांगते ती पोराचा हात मागे ओढून. पोराला कढईपाशी नेऊन, बघ तुझा बाप आत आहे, असं कुठलीच आई म्हणत नाही. ही रोज त्यांच्या फोटोवर पाणी घालते. वर्ष होत आलं. तुमच्या वर्गातून ही श्लोक शिकली नाही, हे शिकली. हा जर धर्म असेल तर आमच्या घरात नको. देव असा असेल, तर त्याला हात जोडताना माझे हात थरथरतील, पण ते भक्तीने नाही. आणि बोंबील पानावर पडणार. मी स्वतः आणणार."

"विजू!" अप्पा कडाडले. "बापाच्या मागे तू पण तिथेच जाशील."

"जाईन. ओळखीचं माणूस असेल तिथे."

खालच्या पायरीवर भजी घ्यायला थांबलेलं एक पोरगं फिस्सकन हसलं. अप्पांचा चेहरा लाल झाला. पण आता आईने झारा परातीत ठेवला होता, स्टोव्हचा जाळ कमी केला होता, आणि पदराने हात पुसत ती उभी राहिली होती.

"अप्पानू," ती हळूच म्हणाली, "तुमी माज्या घोवाक खांदो दिलात, ता मी जल्मात इसरूचंय नाय. पण तो माज्याकडे जेवक येतलो. उपाशी येतलो, धापा टाकीत येतलो, कसो ता माका म्हायत नाय. कढईतसून मात्र येवचो नाय. ह्या कढईत मी वडे तळतंय. माणसां नाय."

अप्पा पायऱ्या उतरून गेले. आई खाली बसली आणि तिने जाळ मोठा केला.

म्हाळाच्या दिवशी भजनी मंडळातलं कुणी आलं नाही. शेजारपाजारची चार माणसं आली, बाकी पंगत रिकामी. सकाळी आई वडे थापत होती, आणि नंदू पहिल्यांदा पिंपाआडून निघून थोडी पुढे आली.

"आई, तेल खूप दुखतं?"

"दुखता तर. म्हणान तर तुका लांब ठेवतंय," आई म्हणाली. तिने एक थापलेला वडा नंदूच्या तळव्यावर दिला, तिचं मनगट आपल्या हातात घट्ट धरलं, आणि कढईच्या काठावरून तो अलगद सोडायला लावला. वडा बुडाला, वर आला, आणि टम्म फुगला. नंदू त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "फुगला," आणि हसली. तो वडा तिने बाबांच्या पानावर स्वतः ठेवला. बोंबील आईने ठेवले, पेला मी ठेवला. सगळं झाल्यावर नंदू आत धावत गेली आणि पाण्याचा भरलेला तांब्या घेऊन आली. मी तिला अडवायला उठलो. पण तिने पाणी कशावर शिंपडलं नाही. तांब्या पानाशेजारी ठेवला. "बोंबील तिखट आहेत," ती म्हणाली. "तहान लागेल."

कावळा आला की नाही, हे मी सांगणार नाही. वस्तीत त्याची पुष्कळ चर्चा झाली, दोन्ही बाजूंनी. माझं म्हणणं कावळ्याच्या साक्षीवर उभं नाही.

त्यानंतर फोटो कोरडा राहिला. पण पाणी आत शिरलं ते शिरलं. बाबांची उजवी मिशी आणि गालाचा भाग पुसट झाला तो झालाच. तो फोटो आज माझ्या घरात आहे. शेजाऱ्यांच्या लहान मुलाने परवा मला मोबाईलवर एक चित्रपट दाखवला, कार्टूनचा, त्यात तीच कढई, तोच झारा, फक्त आता ते हलतात आणि किंकाळ्याही ऐकू येतात. "आजी लावून देते, मी जेवत नाही ना म्हणून," असं तो म्हणाला. मी त्याला बाबांचा फोटो दाखवला आणि ही गोष्ट सांगितली. त्याच्या आजीला राग आला, म्हणाली, मुलांना थोडा धाक लागतोच. मास्तरकीत मीही पोरांवर ओरडलो आहे, वर्गाबाहेर काढलं आहे. पण ओरडणारा मी समोर असतो, पोर मला उलटं बोलू शकतं, आणि मधल्या सुट्टीनंतर सगळं संपतं. ज्या शिक्षेला मधली सुट्टी नाही, जिला उलट विचारता येत नाही, आणि जी मेलेल्या बापालाही सोडत नाही, तिची भीती मुलाला घालणं म्हणजे मुलाला मारणंच. वळ दिसत नाहीत एवढंच. यावर मी तेव्हा हटलो नाही, आता हटण्याचं वय राहिलेलं नाही.

अप्पांशी माझं बोलणं कायमचं तुटलं. वर्ग चालू राहिला, चित्रही. पुढे मी बोरिवलीला आलो. नंदू मात्र लग्न होऊन त्याच डोंगराच्या पायथ्याशी, नव्या इमारतीत राहिली. अप्पांचं कुटुंबही त्याच इमारतीत. फोनवर तिने अप्पांचं नाव काढलं की मी विषय बदलायचो, आणि मग तिने काढणंच सोडलं.

यंदा पितृपक्ष लागला तेव्हा तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "दादा, अप्पा गेले."

"कधी?"

"वर्ष होऊन गेलं."

"आणि आता सांगतेस?"

"तू ऐकलं असतंस?" ती म्हणाली. पुढे तिनेच सांगितलं, "मी रोज जायचे त्यांच्याकडे शेवटी शेवटी. त्यांच्या घरात तळण बंद केलं होतं रे. सुनेने पापड जरी तेलात टाकला तरी ओरडायचे, पाय पोटाशी ओढून घ्यायचे. तापलं, तापलं, म्हणायचे. मुलाला वाटायचं भ्रम झालाय. मला कळायचं ना, त्यांना काय दिसतंय ते."

इतकी वर्षं ज्या माणसाशी भांडलो, तो त्याच कढईच्या काठावर एकटा बसलेला होता. मला आनंद झाला नाही. राग आला. अप्पांच्या लहानपणी त्यांच्यापुढे ज्याने कुणी तो पडदा पहिल्यांदा सारला असेल, त्याचा.

"एकदा मी हात धरून विचारलं," नंदू सांगत होती, "म्हटलं, अप्पा, असल्या कढया-बिढया काही नसतात. तुम्ही म्हाळाला यायचं, मी वाढणार. काय ठेवू पानावर? त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, सुकट. कांदा घालून, तिखट."

अप्पांनी माळ घातल्यापासून मासळीला हात लावला नव्हता. आम्ही पोरं असताना सुकटीच्या वासाने ते नाकाला उपरणं लावायचे.

"त्यांचा मुलगा ठेवू देणार आहे?" मी विचारलं.

"छे. म्हणून तर तुला फोन केला. मी माझ्याकडे ठेवतेय, बाबांच्या पानाशेजारी. बोरिवलीला चांगली सुकट मिळते ना? इकडची सगळी जुनाट असते. पाण्याचे तांबे मी ठेवते, दादा. तू फक्त सुकट घेऊन ये."